भजनाला बसायचंय? महिला मंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी

डोंबिवलीत सत्तावीस वर्षं काढून आम्ही मालवण तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आलो. तोवर मला भजनातलं ठाऊक होतं ते एवढंच, की गणपतीत रात्री मंडळी येतात, पेटी-मृदंग वाजतो आणि आपण उसळीचं पातेलं चुलीवर चढवायचं. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकी दारात उभ्या. "सांजेक देवळात ये. बायकांचा भजन आसा." मी म्हटलं, मला गाता येत नाही. काकी म्हणाल्या, "आवाज नसलो तरी चलता गो. कान होये."

या वाक्याचा अर्थ कळायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना यातलं बरंचसं बाळबोध वाटेल. त्यांनी सरळ टाळाच्या टप्प्यावर जावं, कारण अडतात त्या तिथेच.

१. मंडळ कोणत्या पद्धतीचं आहे ते आधी बघा

'भजनी मंडळ' या एका नावाखाली दोन-तीन वेगळे प्रकार असतात. वारकरी पद्धतीत उभं राहून, समोरासमोर दोन रांगा करून, वीणा-टाळ-मृदंगावर अभंग म्हणतात. संगीत भजनात बसून गातात. पेटी, पखवाज, तबला, झांज, चकी (हातात धरून वाजवायचं छोटं तालवाद्य) असा सगळा साज असतो. तिसरी डबलबारी. त्यात दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात आणि रात्र संपली तरी माणसं उठत नाहीत. सिंधुदुर्गात बायकाही डबलबारी करतात, पण नव्या माणसाने पहिल्या वर्षी तिथे फक्त ऐकायला जावं.

गावोगावची बहुतेक महिला मंडळं संगीत भजनाची असतात. मुख्य गाणारीला आमच्याकडे 'बुवा'च म्हणतात. पत्रिकेवर 'बुवा : सौ. अमुक' असं छापलेलं बघून मी पहिल्यांदा हसले होते. आता नाही हसत. पेटीपाशी बसून चौदा बायकांना एका सुरात ओढणं काय असतं, ते बघितलंय.

तुमचं काम कोरसचं. बुवा ओळ सांगतात, कोरस ती उचलतो.

२. कोणत्या महिन्यात जायचं

जून-जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा कोणी भेटणार नाही. एप्रिल-मे आंबा-काजूचा. किनाऱ्यावरच्या वाड्यांत याच्या उलट: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून तिथल्या बायकांना तेव्हाच थोडी उसंत. आमच्याकडे खरा सराव श्रावणात सुरू होतो, कारण पुढे गणपती असतात.

आणि हीच पहिली खोडी. श्रावणात गेलात तर सगळ्या घाईत असतात, तुम्हाला शिकवायला कोणी मोकळी नसते. दिवाळी झाल्यावर जा. एकादशीच्या भजनाला सात-आठ जणी असतात, चुकलात तरी ऐकायला देव आणि पुजारी एवढेच.

घरच्यांना वेळ आधीच सांगून ठेवा. आमचा सराव चार ते सहा. 'चहा झाला की येते' म्हणणारी कधीही येत नाही, हा अनुभव आहे.

मासिक पाळी आणि सोयर-सुतक यांबद्दल प्रत्येक देवळाची आणि प्रत्येक मंडळाची रीत निराळी. पहिल्याच आठवड्यात एखादीला बाजूला घेऊन विचारून घ्या, म्हणजे ऐनवेळी सभामंडपात कानकोंडं व्हायला नको. आमच्यात पाळीचं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मला हेच बरं वाटतं.

३. पट्टी समजून घ्या

पेटीवरच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनांच्या गटातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन. तीनांच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. ज्या पट्टीला 'सा' धरून गायचं, ती आपली पट्टी. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात. बायकांचा गळा काळी चार-पाचच्या आसपास बसतो. न शिकलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या आम्हा लोकांचा थोडा खाली, काळी तीनला.

आमच्या पहिल्या वर्षी पेटीला पुरुषांच्या मंडळातले एक भाऊ यायचे. माणूस सज्जन, वेळेवर येणारा, फुकट वाजवणारा. पण बोटं काळी एकला घट्ट बसलेली. खालच्या सप्तकात गायला गेलो की आवाज विहिरीत, वरच्यात गेलो की अंतऱ्याला किंकाळी. सहा महिने आम्ही समजत होतो की आपल्याला गाता येत नाही. मग एकीच्या माहेरून पाहुणी आली होती, ती अर्धा अभंग ऐकून म्हणाली, "तुमची पट्टी चुकली आसा." भाऊंनी काळी चार धरायला दोन आठवडे घेतले. पण पहिल्या दिवशी तोच अभंग नव्या पट्टीत लागला तेव्हा आम्ही मध्येच थांबून एकमेकींकडे बघत बसलो.

पट्टी बदलली की तबलाही बदलावा लागतो, हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं. चढ्या सुराला लहान तोंडाचा तबला लागतो. नवीन मंडळ उभं करणार असाल तर वाद्यं घेण्याआधी पट्टी ठरवा. उलट केलंत तर पैसे दोनदा जातात.

स्वतःची पट्टी अशी शोधा: मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप सुरू करा, एक सा धरा आणि तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत उतरा. मग वर तार गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'-'म'पर्यंत चढा. खाली आवाज हवेत विरला तर पट्टी वर न्या, वर मानेच्या शिरा ताणल्या तर खाली आणा. मंडळाची पट्टी तुमच्यापेक्षा थोडी वेगळी निघणारच. वरची ओळ झेपत नसेल तर ती सोडून द्या आणि पुढच्या ओळीला परत या. कोरसमध्ये एक आवाज कमी झालेला कळत नाही, एक ओरडलेला मात्र रस्त्यापर्यंत जातो.

४. कोरस : आधी ऐका, मग उचला

पहिल्याच गणपतीतली गोष्ट. अभंग मला तोंडपाठ होता. बुवांनी ओळ आळवायला घेतली, पहिल्या शब्दावर थोडा थांबा घेतला, आणि त्या थांब्यात मी एकटीने खणखणीत आवाजात उरलेली ओळ म्हणून टाकली. पखवाज थांबला नाही, देवाच्या कृपेने. पण काकींनी टाळ न थांबवता माझ्याकडे बघितलं आणि नंतर म्हणाल्या, "गो, बुवांच्या आदी खंय धावतंस?"

पाठांतर चांगलं असणाऱ्यांची ही हमखास चूक. पाठ असलं की आपण ऐकणं बंद करतो. बुवा आज ओळ दोनदा घेतील की चारदा, शेवटचा शब्द लांबवतील की तोडतील, हे वहीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी डोळे बुवांच्या हातावर आणि कान त्यांच्या श्वासावर.

चार गोष्टी मला बसून शिकवल्या गेल्या, त्या तशाच सांगते.

ओळ सगळ्यांनी एकदम उचलायची. उचलण्याआधीचा श्वासही एकत्रच घ्यायचा. शेजारणीचा खांदा वर गेला की आपला जातो.

शेवटचं अक्षर एकदम सोडायचं. 'हरी' मधला 'री' एकीचा इथे संपला आणि दुसरीचा पुढच्या मात्रेवर (ठोक्यावर), तर तो झाडू ओढल्यासारखा ऐकू येतो.

हरकती, मुरक्या, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, ती बुवांची. तुम्हाला सुचली तरी गिळा. हे मला फार जड गेलं.

शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तुमचा मोठा झालाय. दुसरं कुठलंही मोजमाप लागत नाही.

सकाळी दहा मिनिटं खालच्या 'सा'वर ओंकार धरा. न्हाणीघरात चालतो, गोठ्यात चालतो. आवाज 'लागायला' याहून सोपं काही मला मिळालं नाही.

५. टाळ

गाता गाता टाळ वाजवणं हे दोन वेगळी कामं एकाच वेळी करणं आहे. पहिले तीन आठवडे टाळ वाजवा आणि गाऊ नका. कोणी टोकलं तर माझं नाव सांगा.

दोरी बोटांना एक वेढा देऊन घ्यायची, मुठीत आवळायची नाही. टाळ तळहातात दाबला की तो 'ठक' वाजतो. मोकळा राहिला की काशाचा आवाज घुमतो. भजनात दोन्ही लागतात, खुला आणि बंद. बहुतेक भजनं आठ मात्रांत असतात, भजनी ठेका किंवा केरवा. सुरुवातीला मोठ्याने एक ते आठ मोजा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळ द्या, मधल्या सोडून द्या. जमलं की प्रत्येक मात्रेवर. मी वाटण वाटताना मिक्सरच्या ऐवजी पुन्हा पाटा-वरवंटा काढला होता तो ठेक्यासाठीच. घरच्यांना वाटलं चवीसाठी.

पुढे कधी दादरा येईल, सहा मात्रांचा, कधी रूपक, सात मात्रांचा. रूपकात नवी माणसं हमखास आठवी मात्रा घालतात. तेव्हा टाळ मांडीवर ठेवा आणि नुसतं गा. त्यात कमीपणा नाही. चकी आणि झांज तर जाणत्या हातांतच राहू द्या. एक झांज चुकली की तबलजीसुद्धा हलतो.

जाता जाता पखवाजाचं. त्याच्या डाव्या तोंडावर दर वेळी ओल्या कणकेचा गोळा लावतात, त्याने खर्जाचा घुमारा येतो, आणि भजन संपलं की खरवडून काढतात. मंडळात मला मिळालेलं पहिलं मानाचं काम ही कणीक मळून नेण्याचं. चपातीची कणीक घेऊन गेले, ती तेलाच्या हाताने मळलेली, वाजवता वाजवता सटकून थेट पेटीच्या भात्यावर पडली. तेल नको, मीठ नको. नुसतं पाणी, चपातीपेक्षा थोडी सैल. आणि डबा झाकून न्या, वाऱ्याने सुकली की तडकते.

पावसात कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. तबला-पखवाज सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका. फळीवर, सुती कापडात गुंडाळून ठेवा. पेटीचंही तेच: खाऱ्या वाऱ्याने आतल्या पितळी सुरांवर किटण चढतं आणि एखादा सूर ऐन भैरवीत मुका होतो. आम्ही कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब लावून ठेवतो.

६. अभंगाचा साचा

अभंग पाठ करताना अडत असाल तर त्याची अक्षरं मोजा. मोठ्या अभंगाच्या एका चरणात चार तुकडे असतात: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन. जोडाक्षर एकच धरायचं. आमच्या बुवांनी हे मला वडे तळताना शिकवलं: "कढईत तेल, तापले गं बाई, करू नको घाई, सोड वडा." मोजून बघा, बरोबर सहा-सहा-सहा-चार. तेव्हापासून मी एकही शब्द गाळलेला नाही. गाळला तर बोटांना कळतं.

वारकरी पद्धतीत ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा घ्यायची ओळ, बहुधा दुसऱ्या चरणाचं असतं. छापील गाथेत तिथे 'ध्रु' लिहिलेलं दिसेल. नवी माणसं पहिला चरण ध्रुवपद समजून पुन्हा तिथेच जातात आणि रांगेत एकटी पडतात. संगीत भजनात चालीप्रमाणे बदल होतो, म्हणून वहीत ध्रुवपदाखाली लाल रेघ मारा.

शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा येते: 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'नामयाची जनी'. ती ऐकू आली की सावध व्हा, शेवट जवळ आला. इथून पुढे लय चढेल किंवा बुवा गजर, म्हणजे देवाच्या नावाचा घोष, घेतील.

शब्द एकमेकींच्या वहीतून उतरवू नका. आमच्या मंडळात एक चुकीचा शब्द तीन वह्यांतून फिरून सासूकडून सुनेकडे गेलेला निघाला. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. एक प्रत मंडळाने विकत घ्यावी आणि तिच्यावरून पडताळावं. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग अवश्य मागा. पुरुषांच्या मंडळांत ते कमी ऐकू येतात, आणि दळणकांडण केलेल्या तोंडी ते वेगळेच उतरतात.

७. सोबत काय न्यायचं

- दोनशे पानी वही, मोठ्या अक्षरात लिहिलेली. मोबाइलवर शब्द ठेवू नका. माझा एकदा ऐन अभंगात वाजला, मुलाचा व्हिडिओ कॉल, आणि सगळ्या मंडपाने त्याला बघितलं.
- वाचायचा चष्मा
- स्वतःचे टाळ, दोरीला ओळखीची गाठ मारून
- कोमट पाण्याची बाटली, खडीसाखर, लवंग
- बॅटरी आणि छत्री. रात्री परतताना पाणंदीत जनावर, म्हणजे साप, असतं, बॅटरी नसेल तर निघू नका.
- चार सेफ्टी पिना

गणवेशाची साडी पहिल्या महिन्यात घेऊ नका. रंगावरून वाद होऊन ती बदलते. आमची तीनदा बदलली. मोरपंखी तर एकदाही नेसली गेली नाही.

८. गणपतीतली पहिली फेरी

दीड दिवसाचे, पाच, सात, अकरा असे गणपती घरोघर निरनिराळे, म्हणून पहिल्या पाच दिवसांत घरं सर्वांत जास्त. घराला साधारण अर्धा तास मिळतो: सुरुवातीचं नमन, रूपाचा अभंग, एखादी गौळण, गजर, आरती. कोणत्या घरी काय घ्यायचं ते बुवा दारात ठरवतात. दु:खाचं घर असेल तर गौळण गाळतात. वही उघडून ठेवा, पण पानांना चिकटू नका.

खरा धोका खाण्याचा. पहिल्या घरी बटाटावडा, दुसऱ्या घरी उसळ-पाव, तिसऱ्या घरी थंड सरबत, आणि नाही म्हटलं तर यजमानीण रुसते. मी पहिल्या रात्री सगळीकडे मान राखला. चौथ्या घरी तोंड उघडलं आणि आवाजच नाही. आता सगळ्या जणी डबे नेतो. "घराक नेतंव" म्हटलं की कोणी रागावत नाही. गाणं संपेपर्यंत फक्त चहा, तोही कोमट.

माइक असेल तर तो कोरसच्या मध्ये, हातभर लांब. माइककडे वाकू नका. सार्वजनिक मंडपात लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा असतो; सणाच्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. आपल्या मंडपाला ती आहे का, हे आयोजकांना आधी विचारा.

९. स्पर्धा

पहिल्या वर्षी गेलात तरी मागच्या ओळीत बसा. वेळेची मर्यादा असते आणि घंटा वाजली की गुण कापतात. आम्ही एकदा सुंदर गाऊन साडेतीन मिनिटं जास्त घेतली आणि बक्षिसाच्या यादीत नव्हतो. बुवांना घंटा ऐकू आली नव्हती, आम्हाला आली होती, आणि सांगायचं कोणी म्हणून प्रत्येक जण गप्प बसली. आता एकीला मांडीवर घड्याळ घेऊन बसवतो. कोरसला आणि शिस्तबद्ध संघालाही वेगळी बक्षिसं असतात. वाद्यं नेणं, एका रांगेत बसणं, उठताना पदर सावरत गोंधळ न करणं, हे सगळं परीक्षक बघतात.

१०. वर्गणी आणि कागदपत्रं

नुसतं गायचं असेल तर यातलं काही लागत नाही; महिन्याची वर्गणी द्या आणि वहीत सही घ्या. पण मंडळाच्या नावाने बँक खातं, अनुदान, वाद्यखरेदी हवी असेल तर नोंदणी करा. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य शासनाने १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचं भांडवली अनुदान जाहीर केलं, तेव्हा आमच्या कागदांचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा ठराव एकीच्या पिठाच्या डब्याखाली सापडला.

संस्था म्हणून नोंदणीला किमान सात जणी लागतात. अर्ज धर्मादाय कार्यालयात जातो. तयार ठेवायचं ते असं:

- सात जणींची आधार आणि पॅनकार्डं, फोटो
- मंडळाचं नाव, उद्देश आणि नियमावली
- पहिल्या सभेचा ठराव, सगळ्यांच्या सह्यांसह
- जिथे मंडळाचा पत्ता दाखवणार त्या घराची घरपट्टी किंवा वीजबिल आणि मालकाचं संमतीपत्र

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, बघा. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, असं निघालं की फेरी फुकट. आमच्या सातांतल्या चार जणींचं तसंच निघालं. आणि घरमालक म्हणजे बहुतेक वेळा एखादीचा नवरा किंवा दीर. त्याची सही गणपतीत, मुंबईहून आलेला असताना घेऊन ठेवा.

एक राहिलं. वहीवर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव घाला. गणपतीच्या पाचव्या रात्री सगळ्या वह्या एकाच पिशवीत जातात आणि सगळ्यांची लाल रंगाची. माझी पहिली वही वरच्या वाडीत कोणाकडे तरी आहे, ध्रुवपदाखालच्या रेघांसकट. ती ज्या बाईकडे आहे तिने निदान पंधराव्या पानावरचं आमचं किराण्याचं बिल काढून परत पाठवावं.